आंबलेलं आणि आंबवलेलं

समस्त भाऊबंद, सोयरेधायरे, शेजारीपाजारी आणि गावातील मान्यवर यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाला आज सकाळी एकदाच जावं लागलं.

हे निवेदन मी एका थंडीतल्या सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, वर्तमानपत्राची सुरळी भोंग्यासारखी तोंडाला लावून केलं. आई लसूण सोलत होती, तिने मान वर केली नाही. बायको म्हणाली, "बरं झालं. पाणी तापलंय, अंघोळ उरकून घ्या." दीड वर्षाने मिळालेल्या विजयाचं स्वागत आमच्या घरात हे असं झालं. त्यांचा दोष नाही. माझ्या पोटाला सगळेच कंटाळले होते. मी तर सगळ्यांत जास्त.

राहुरीजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवतो. पन्नाशी ओलांडली आणि पोटाने माझ्याशी असहकार पुकारला. घास पोटात गेला की थोड्याच वेळात आत कुरकुर सुरू, आणि मग धाव. समासाचा विग्रह अर्धाच फळ्यावर ठेवून मी कितीदा तरी वर्गाबाहेर पडलो आहे. पोरांनी त्याला 'सरांचा लोप' असं नाव ठेवलं होतं. नाव व्याकरणाला धरून होतं, त्यामुळे मला रागावताही येईना. राहुरी ते नगर या रस्त्यावर कोणत्या पंपावरचं संडास उघडं असतं आणि कोणत्या हॉटेलात आधी चहा सांगावा लागतो, हे मला पाढ्यांसारखं पाठ झालं होतं.

नगरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. दुर्बीणसुद्धा घातली. "घाबरण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "आतडं चिडकं झालंय." काही नाही, हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण काही नसताना माणूस किती थकतो, हे कुठल्या रिपोर्टात येत नाही. लोकांना मी हसवायचो, स्वतःच्या फजितीचे किस्से रंगवून सांगायचो, आणि घरी येऊन चप्पलही न काढता भिंतीला टेकून बसायचो.

त्यात भाचीचा साखरपुडा झाला. बहीण नेवाशाला दिलेली, मी तिचा एकुलता एक भाऊ. अंगठ्या घालायच्या वेळी पुरोहितांनी "मुलीच्या मामांनी पुढे यावं" असं तीनदा पुकारलं आणि तिन्ही वेळा मामा दाराला आतून कडी लावून बसला होता. पुढे आठवड्याभराने बहीण लग्नाची तारीख सांगायला आली. चहा पिऊन झाला तरी उठेना.

"दादा, राग नको मानू," ती शेवटी म्हणाली. "पण लग्नात तू मधीच गेलास तर कसं हुईल? मी आपल्या चुलतदादाला सांगून ठेवते. तो राहील उभा. तू पुढं खुर्चीवर बस, कडंला."

आमच्याकडे मंगलाष्टकं सुरू झाली की मामाने मुलीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. शेवटचं 'सावधान' होईपर्यंत जागा सोडायची नाही. एवढंच काम. पण या पोरीला मी खांद्यावरून जत्रा दाखवली होती. "मीच उभा राहणार," मी म्हणालो. बहीण म्हणाली, "मग पोटाला इचार आधी." लग्न वैशाखात होतं. माझ्या हातात सहा महिने होते.

डॉक्टरांनी मला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी. तिने वही ठेवायला लावली. एका वेळी एकच पदार्थ बंद करायचा, दोन आठवडे बघायचं, लिहायचं, मग दुसरा. आधी दुधाचा चहा गेला. मग कच्चा कांदा. मग हरभऱ्याची डाळ, म्हणजे भजी, पिठलं आणि पुरण एकाच फटक्यात. ज्वारीची भाकरी आणि मऊ भात राहिला. शेवटी ती म्हणाली, "आता आंबवलेले पदार्थ सुरू करू. पण सर, दोन चमच्यांपासून. हळूहळू वाढवायचं." मी घरी येऊन दोन तांबे ताक प्यालो. त्या दिवसाच्या पानावर मी काही लिहू शकलो नाही, कारण वही बाहेर होती आणि मी आत.

मग बायकोने सूत्रं हातात घेतली. ती जामखेडकडची. "आमच्याकडं उन्हाळाभर आंबील पेतेत," ती म्हणाली, "आन् तुमी दोन चमच्याला भेता." ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून तिने पातेलं दोन रात्री झाकून ठेवलं. वर बुडबुडे आले की ते शिजवायचं, पार निवलं की मीठ, जिरं आणि ताजं ताक घालायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बघतो तर पातेलं घासूनपुसून पालथं घातलेलं.

"आंबलं हुतं," आई म्हणाली. "म्हशीला घातलं."

आईच्या राज्यात आंबलेल्या वस्तूला दयामाया नाही. तिची आंबील ताकातली, त्याच दिवशी कालवून त्याच दिवशी संपवायची. दोन रात्री ठेवलेलं पीठ तिच्या लेखी फक्त म्हशीचं. असं तीनदा झालं. म्हशीचं पोट त्या महिन्यात अगदी तंदुरुस्त होतं.

शेवटी मी मराठीचा तास घेतला. "आई, आपोआप होतं ते आंबलेलं. आपण मुद्दाम करतो ते आंबवलेलं. एका 'व'चा फरक आहे."

आईने विचार केला. "मंग नासलेलं आन् नासवलेलं?"

"ते वेगळं."

"आन् तू रं? तू बिघडलेला का बिघडवलेला?"

बायको पदर तोंडाला लावून परसात गेली. व्याकरण हरलं. तेव्हापासून पातेलं उत्तरपत्रिकांच्या कपाटात ठेवायला लागलो. त्या सराव परीक्षेला माझ्या वर्गाच्या निबंधांना आंबूस वास येतो, अशी मुख्याध्यापकांनी तक्रार केली. निबंध वाचल्यावर तो वास आंबिलीचाच असेल असं मला खात्रीने सांगता येईना.

दोन चमचे, मग चार, मग अर्धी वाटी. चांगला आठवडा, वाईट आठवडा. लोकांच्या लग्नांत मी घरून डबा नेऊन बसायचो आणि वाढपी माझ्याकडे उपाशी माणसाकडे बघावं तसा बघायचा. प्रत्येक पाहुण्याकडे रामबाण उपाय असायचा, आणि मी तो मान डोलावून ऐकायचो, कारण नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं. वहीची पानं भरत गेली. असं करता करता ती 'एकदाच'ची सकाळ आली. पुढे तशा बऱ्याच आल्या, पण रोज नाही. रोज कधीच नाही.

लग्नाच्या दिवशी वाटीभर आंबील आणि मूठभर भात खाऊन मी नेवाशाला गेलो. कार्यालय गच्च भरलेलं, पंखे गरम हवा ढवळत होते. मुहूर्त दुपारचा, पण आधी पुढाऱ्यांचे आशीर्वाद. एक झाले, दुसरे झाले, तिसऱ्यांनी उसाच्या भावावरून सुरुवात करून संसारापर्यंत यायला बराच वेळ घेतला. मी भाचीच्या पाठीमागे फेटा बांधून उभा. माझ्यापासून दोन हातांवर चुलतभाऊ, त्यालाही फेटा बांधलेला, बहिणीने राखीव ठेवलेला. तो अधूनमधून माझ्या चेहऱ्याकडे बघून घ्यायचा, आणि खाली बहीण आम्हा दोघांकडे.

अंतरपाट धरला. अक्षता वाटल्या गेल्या. पहिलं मंगलाष्टक झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला पोटातून आवाज आला, लांबलचक, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. घाम फुटला. चुलतभाऊ अर्धं पाऊल पुढे सरकला. मी डोळे मिटले आणि बहिणीने सांगितल्याप्रमाणे पोटाला विचारलं. जायचंय का? पोट म्हणालं, नाही. नुसतंच बोलतंय. इतक्या दिवसांत ते माझ्याशी पहिल्यांदाच खरं बोललं असावं. मी पाय घट्ट रोवले.

पण तो आवाज भाचीनेही ऐकला होता. पुरोहितांनी श्वास घ्यायला मंगलाष्टक थांबवलं, माईक त्यांच्या हातात तसाच तिच्या तोंडाशी राहिला, आणि मुंडावळ्या बाजूला सारत, मान जराशी मागे वळवून ती नवरी सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, जायचं असलं तर जाऊन या. मी थांबते."