गुपचूप उघडलेला अहवाल

गोपनीय शाखेत नोकरी केली की किस्से साठतातच. बाहेर बोलायला बंदी, त्यामुळे पोटात नुसती गर्दी! आज बोलतेच. कोणाला काय करायचं ते करू दे.

आमचं सरकारी ऑफिस अंधेरीत. शाखेत मी आणि भांडुपचे सावंतकाका, मूळचे मालवणकडचे. कपाटाची किल्ली काकांच्या कमरेला. आमच्या पहिल्या साहेबांना 'गोपनीय'चा लाल शिक्का मारायचा भारी शौक! एकदा टॉयलेट तुंबलं. "वापरू नये" या सूचनेवरही साहेबांनी शिक्का हाणला. काकांनी ती नियमाप्रमाणे कपाटात बंद केली. मग काय, अख्खा मजला जाऊन आला! वाट लागली नुसती.

*

मग चव्हाण मॅडम आल्या. त्यांनी पद्धत घातली : ज्या कागदाची गोपनीयता उठली, तो त्याच दिवशी खालच्या नोटीस बोर्डावर लावायचा. पूर्ण. एकही पान मागे ठेवायचं नाही.

एकदा आगीचा गुप्त सराव ठरला. अकराला अचानक भोंगा वाजणार होता. मॅडमनी सकाळी गडबडीत इतर कागदांबरोबर त्याच्या आदेशाचीही गोपनीयता उठवली, काकांनी तो लगेच बोर्डावर लावला. भोंगा वाजला तेव्हा सगळं ऑफिस आधीच कंपाउंडमध्ये वडापाव खात उभं! अग्निशमनवाले म्हणाले, "एवढी शिस्त कुठेच नाही बघितली!"

*

काका गोपनीयतेला इतके पक्के, की काकूंनी "डब्यातली भाजी कशी होती?" विचारलं तरी म्हणत, "ऑफिसातला काय विचारू नको!"

आणि अशा माणसाला मेमो मिळाला यार!

झालं असं, की खारदांड्याच्या किनाऱ्यावरच्या जमिनींच्या चौकशीचा अहवाल आमच्या कपाटात होता. पहिल्या भागात विरोधकांचे उद्योग, दुसऱ्यात आमच्याच मंत्र्यांच्या मेव्हण्याचे. एक प्रत मंत्र्यांकडे. निवडणूक तोंडावर आली आणि फक्त पहिला भाग टीव्हीवर! मंत्री गरजले, "फोडला कोणी? घरी बसवा त्याला!" किल्ली काकांकडे, म्हणून चोर काका! रिटायरमेंट जवळ आलेली. माझं डोकंच फिरलं.

"काका, बोला ना काहीतरी!"

"चौकशीत बोलतलंय," काका म्हणाले आणि डबा उघडला.

*

दोन दिवसांत टीव्हीवरची निवेदिकाच बोलून गेली, "ही पानं आम्हाला मंत्र्यांनी स्वतः दिली!" झकास!

मंत्री लगेच पलटले. "लीक कसलं? मी गोपनीयता आधीच उठवली होती. अधिकार आहे मला!"

कधी उठवली? कोणासमोर? तर म्हणे मनात ठरवलं होतं!

संध्याकाळी त्यांचा पीए माझ्या टेबलापाशी आला. "मॅडम, गोपनीयता उठवल्याचा जुन्या तारखेचा आदेश टाइप करा ना."

"हा घे कीबोर्ड. टाइप पण तूच कर, सही पण तूच कर."

"बदली होईल तुमची."

"कर! जिथे पाठवशील तिथे हेच सांगेन."

*

मग काकांची चौकशी. समोर चव्हाण मॅडम, बाजूला पीए. तो म्हणाला, "मंत्रीसाहेबांनी अहवाल उघडा केला होता, फक्त गुपचूप. तोंडी आदेश नोंदवायला काका विसरले, एवढं त्यांनी कबूल करावं. विषय संपला."

काका खुर्चीत पुढे सरकले. पण आवाज शांत.

"म्हणजे अहवाल उघडो आसा?"

"हो काका. साहेबच म्हणतात ना!"

"पुरो?"

"अहवाल म्हणजे पुराच!"

काकांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "मग पद्धत माहीत आहे ना, सावंत?"

काका उठले. मी टाचण्यांची डबी घेऊन मागोमाग. थोड्याच वेळात अख्खा अहवाल बोर्डावर, मेव्हण्यासकट! तक्रारीसाठी आलेल्या खारदांड्याच्या कोळणी जमल्या. एकीने तर मोठ्याने वाचायलाच सुरुवात केली.

पीए धापा टाकत जिन्यावरून खाली आला. "काका, काढा ते! गोपनीय आहे!"

काकांनी शेवटच्या पानाला टाचणी दाबली.

"काढतंय रे. तसो लेखी हुकूम घेवन ये. आणि आधी तो हय बोर्डार लाव!"