आय नामूसाठी पळाली तो दिवस

माझ्या धाकट्या भावाला तान्हेपणी आमच्या घरात अफू दिली जायची.

आज सकाळी तो गेला. नामू.

त्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "आत्या, असलं काही पोस्ट करू नकोस. लोक काय म्हणतील?"

लाज मलाही वाटतेय. टाइप नातसून करतेय आणि तिच्याकडे बघायचं मला धाडस होत नाही.

पण नामूला शब्द दिलाय.

सोलापूर. इंग्रजांचं राज्य, दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. आम्ही गिरणीच्या चाळीत राहायचो. आय सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला. भोंगा झाला की तान्ह्याला घरात टाकून पळायचं.

मूल दिवसभर झोपावं म्हणून बायका बाळागोळी द्यायच्या. अफूचीच ती. घरोघरी चालायचं. बोलायचं मात्र कुणी नाही.

एका रविवारी पुण्याच्या कॉलेजातल्या एक बाई आल्या. कामगार काय विकत घेतात, काय खातात, कामाचा तब्येतीवर काय परिणाम होतो, याचा त्या अभ्यास करत होत्या.

नातसून म्हणते, "आजी, हे तर कन्झ्युमर बिहेवियर आणि वर्कप्लेस वेलबीइंग!"

असेल बाई.

दारात अख्खी चाळ गोळा झालेली. परक्या माणसापुढं घराची अब्रू राखायची, ही आमची रीत. आयनं थाटात सांगितलं, "दूध रोज हाय. भाजी हाय. कामाचा तरास न्हाय."

"बाळ अगदी शांत आहे हो."

"लई गुणाचं हाय."

गुणाच्या बाळानं आदल्या दिवसापासून डोळे उघडले नव्हते.

बाई निघाल्या. आय उंबऱ्यात उभी राहिली. एकदा पोराकडं बघितलं, आणि पळत सुटली.

नळावर बायकांची ही गर्दी. तिथंच बाईंना गाठून ती ओरडली, "खोटं बोलले मी! अफू देतो आमी त्याला. कालपासनं डोळं उघडंना. काय तरी करा की वो बाई!"

बाईंनी टांगा केला. दवाखान्यात नामू वाचला.

चाळीनं मात्र आयला माफ केलं नाही. "सगळ्याच देतात. चारचौघांत बोलायचं असतं का?" आय नळावर दिसली की बायका पाठ फिरवायच्या. शेजारी घागर घेऊन उभी असलेली मी, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आयचं तर विचारूच नका. नामूला न्हाऊमाखू घालायची, जेवू घालायची, पण त्याच्या नजरेला नजर द्यायची नाही. शेवटपर्यंत नाही. आणि घरात हा विषय कुणी काढायचा नाही.

त्या अभ्यासाचं पुढं काय झालं, आम्हाला कळलं नाही. आयच्या खात्यात पाळणाघर काही आलं नाही.

गेल्या महिन्यात नामूनं अंथरुणावरून विचारलं, "आक्का, खरं सांग. आयला मी नकोसा हुतो का?"

मग सगळं सांगितलं.

त्यानं विचारलं,

"पळाली तवा पायात काय हुतं तिच्या?"

"काय न्हाय."

"ऊन हुतं?"

"वैशाखाचं."

ऐंशी पार केलेला माझा भाऊ हमसून हमसून रडला. मग म्हणाला, "मी गेलो की लिही. माझं काय बी लिहू नगंस. तिचं लिही. नावानिशी."

तिचं नाव कोंडाबाई.

नामू, सुखानं जा बाबा.

तुझी आक्का