दिगूभाऊंची पुरौनी

लोक म्हणतात, किस्से घडावे लागतात. आमच्याकडे तसं काही नाई. दिगूभाऊले बाजारात सोडायचं अन् आपण दोन पावलं मागं उभं राहायचं, बास! कोकणातून परत आल्यापासून रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या सकाळच्या चहाले दुसरा विषयच नाई. तिकडून आणलेला मेवा केव्हाच संपला, हे काही संपून नाई राहिलं.

आधी माणूस समजून घ्या. दिगूभाऊ रायपूरच्या तात्यापाऱ्यात जन्मले (पारा म्हणजे आमच्याकडचा मोहल्ला), तिथंच रिटायर झाले. खानदान भोसल्यांच्या काळात रायपूरले आलेलं. पण "कुठले तुम्ही?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "मूळचे आम्ही कोकणातले." जसं काही रायपूरले पोस्टिंगवर आहेत! ही पोस्टिंग भोसल्यांच्या राज्यापासून चालू आहे, ट्रान्सफर ऑर्डर काही निघून नाई राहिली.

तर यंदा थंडीत दिगूभाऊ, सुमनवहिनी, मी अन् आमचे हे, असे चौघं कोकणात गेलो. किल्ला नाई, बीच नाई, फक्त बाजार! कारण भाऊंची एकच इच्छा. "देवळातला पुजारी साऱ्यांशीच गोड बोलते. माणूस ओळखला जाते बाजारात. एकदा तरी कोणी म्हणावं, अहो तुम्ही तर आमचेच!"

"मी लग्नापासून म्हणून राहिली, ते कमी पडलं काय?" वहिनी म्हणाल्या.

*

पहिल्याच आठवडी बाजारात भाऊ इस्त्रीचा कुर्ता घालून उतरले. एक बाई तोंडल्याची टोपली घेऊन बसली होती.

"काय मावशी, तोंडली कशी देऊन राहिल्या?"

"बीस का पाव, भैया."

भाऊंचा चेहरा उतरला. "मावशी, मी मराठीच बोलून राहिलो ना!"

"हां हां, समझता है भैया!" तिनं दिलासा दिला.

*

आता पुरौनी. आमच्याकडे भाजीवाली तोलून झालं की वरून एक मूठ फुकट टाकते, तिले पुरौनी म्हणतात. रायपूरच्या गोल बाजारात भाऊ पैसे देऊन हात तसाच पसरून ठेवतात, मूठभर मिरच्या पडल्याशिवाय मागं घेत नाईत. अन् ही रीत आपले पूर्वजच कोकणातून घेऊन आले, अशी त्यांची पक्की खात्री!

कोकमवाल्याकडे आमसुलं घेतली. पैसे दिले. हात पसरला.

कोकमवाल्यानं हातात हात घेतला, जोरात हलवला अन् म्हणाला, "थँक यू सर! व्हिजिट अगेन!"

*

मासळी बाजारात जायची काही गरज होती? भाऊंच्या घरात अंडंसुद्धा चालत नाई. पण म्हणाले, "रक्तातच समुद्र आहे आपल्या!"

रक्तातला समुद्र दाराशीच आटला. भाऊ नाकाले रुमाल लावून उभे. पाटीमागून कोळीण वहिनींना म्हणाली, "ताई, बाबांना सावलीत न्या, घेरी येईल त्यांना. कुठलं गाव तुमचं?"

"इथलंच!" भाऊ रुमालातून ओरडले.

"रायपूर," वहिनी म्हणाल्या.

"तरीच!" कोळीण म्हणाली, अन् वहिनींशी मस्त मराठीत गप्पा मारत बसली. भाऊ दारातून पाहून राहिले. ज्या बाईनं आयुष्यात कशावर दावा सांगितला नाई, तिले 'ताई' मिळालं, अन् यांना सावली!

*

मग एक मोठं फॅशनेबल 'फार्मर्स मार्केट'. शेतकरी गॉगल लावून बसलेला, तांदूळ कागदी पिशवीत, पिशवीले सुतळीचा बो. तो मले हळूहळू, एकेक शब्द सोडून समजावू लागला, "आंटी, ये राइस है. इसको पहले भिगोना पड़ता है."

भाताचं कोठार असलेल्या छत्तीसगडच्या बाईले! मी म्हटलं, "हो काय बावा? आम्ही तर आजवर कच्चाच चावून राहिलो होतो!"

भाऊंनी मात्र दोन पिशव्या उचलल्या. "आपल्याकडे असा तांदूळ कुठं मिळते?" रायपूरले तांदूळ नेणारा हा पहिलाच माणूस असावा. वर पुरौनीसाठी हात पसरलाच. हातात पँफ्लेट पडलं.

*

शेवटच्या दिवशी भाऊंनी इस्त्री मागितली नाई. कुर्ता चुरगळलेला, तोच घातला. चहा पिताना एवढंच म्हणाले, "जाऊ द्या. आपल्याले कोणी ओळखत नाई इथं." इतके दिवस खिदळत होती मी, पण तेव्हा मले खरंच वाईट वाटलं. वहिनींनी गुपचूप आपलं बिस्किट त्यांच्या बशीत ठेवलं.

स्टेशनवर नेणारी गाडी यायले वेळ होता, म्हणून समुद्राजवळ कारागिरांचा बाजार भरला होता तिथं शिरलो. एका स्टॉलवर पितळी दिवे होते. भाऊंनी एक मोराचा दिवा उचलला. भाव केला नाई, मराठी बोलले नाई, कोकणही काढलं नाई. मुकाट्यानं पैसे दिले. अन् सवयीनं हात तसाच पसरलेला राहिला.

स्टॉलवाला त्या हाताकडे पाहत राहिला. मग खदखदून हसला, बोटाएवढी पितळी चिमणी उचलली अन् भाऊंच्या तळहातावर ठेवली.

"ले कका, पुरौनी!"

"रइपुर के हव का कका?" त्यानं आमच्या छत्तीसगडीत विचारलं.

भाऊंनी तोंड उघडलं. आता काय येणार हे आम्हा तिघांना पाठ होतं. पण भाऊंनी नुसती मान डोलावली. डोळे भरून आले होते त्यांचे.

"कोन पारा के?"

"तात्यापारा," दिगूभाऊ म्हणाले.

तेवढ्यात बाहेर आमच्या गाडीचा हॉर्न वाजला. वहिनी म्हणाल्या, "अहो, चला ना, उशीर होऊन राहिला!"

भाऊंनी स्टॉलमधलं स्टूल ओढलं, त्या माणसाच्या बाजूले ऐसपैस बसले अन् चिमणी मुठीत धरून म्हणाले,

"तुम्ही व्हा पुढं. माह्या गावचा माणूस भेटला!"