मामाजीनं ठोकून पाहलेला कॉम्प्युटर

मामीच्या कपाळापर्यंत फोटो खाली उतरला, कुंकू दिसलं, अन् तेवढ्यातच पडदा सारा निळा झाला, त्याच्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली, मी आठवी शिकलेली, मले त्यातलं काईच समजे ना, कडेवर पोट्टी रडून राह्यली, बाजूले खुर्चीवर मामाजी नुसते पडद्याकडे पाहून राह्यले, अन् मले वाटलं, गेली मामी, दुसऱ्यांदा गेली.

मामाजी म्हंजे आमच्या ह्यायचे, मास्तरायचे, सख्खे मामा, अन् ठोकून पाहल्याशिवाय या दुनियेत त्यायनं कोणतीच गोष्ट खरी मानली नाई. आलापल्लीच्या लाकूड डेपोत त्यायची सारी नोकरी सागाचे लठ्ठे ठोकण्यात गेली. वरून चांगला दिसणारा लठ्ठा आतून पोकळ आहे का भरीव, हे ते नुसत्या आवाजावरून सांगत, असं तेच सांगतेत. रिटायर होऊन पोंभुर्ण्याले आमच्या मागच्या गल्लीत राहाले आले, हातोडी डेपोतच राह्यली, मंग बोटं आली कामाले. टरबूज तर सारेच ठोकतेत, मामाजी पान्याचा पितळी गुंड ठोकतेत, भिंत ठोकतेत, पाहुणा आला का पाठीवर हात ठेवल्यासारखं करून त्यालेबी ठोकतेत. माझ्या नणदेले पाहाले एक पोरगा आला होता, चांगला नोकरीवाला, मामाजीनं त्याची पाठ ठोकली अन् साऱ्यायच्या समोर म्हणाले, "वरून बरा आहे. मंधात पोकळ." सोयरीक मोडली. मी लगीन होऊन आली तवा मले म्हणाले, "सूनबाई, आमचा भाचा काई साग नाई. ऐनाचं लाकूड आहे. पण टिकन." तर आतून मामीचा आवाज आला, "अन् तुमी बेशरमाचं झाड आहा. कुठीबी उगवता."

त्या मामीचा जगात एकच फोटो होता. कोणी फोटो काढाले गेलं का ती पदर ओढून चुलीमागं जाय. पण एका दिवाळीले ह्यायचा दोस्त डिजिटल कॅमेरा घेऊन आला, मामीच्या मांडीवर माझी पोट्टी झोपली होती, म्हणून तिले पळता नाई आलं, अन् ती बिनदाताची अशी हासली का बस. फोटो ह्यायच्या कॉम्प्युटरात गेला. सीडीवर उतरवू, उतरवू म्हणता राहूनच गेलं, अन् उन्हाळ्यात मामी तापानं गेली.

तवापासून मामाजी रोज दुपारी येत. "पोट्टीले पाहाले आलो," म्हणत. पोट्टी त्यायच्या पायात रांगत राहे, तिच्याकडे ते पाहत नसत. "तिचा तो फोटो लाव बरं," म्हणत.

अन् आता तोच फोटो उघडे ना. कॉम्प्युटर कवाबी बंद पडे, कवा चांगला चाले, पण मोठा फोटो उघडाले गेलं का हमखास निळा. ह्यायनं चंद्रपूरच्या मेकॅनिकले फोन केला. तो म्हणाला, घेऊन या, फॉरमॅट माराव लागन, आतलं सारं पुसल्या जाईन. हे दुसऱ्या दिवशीच्या बसनं कॉम्प्युटरचा डब्बा नेणार होते. म्या मामाजीले ते सांगतलं.

"पुसल्या जाईन म्हंजे? मा... पोट्टीचा फोटोबी?"

"हो मामाजी."

मामाजी उठले. "एक लठ्ठा पोकळ निंगाला त पुरी थप्पी जाळाची का? डब्बा खोलून पाहू, पेचकस आण."

"मामाजी, हे शाळेतून आले त मले जित्ती नाई ठेवत."

"त्याले मी ठोकतो."

पहिले त्यायनं पडदा ठोकला. "हा भरीव आहे." मंग डब्बा ठोकला, वास घेतला. "याले दिमक लागली." म्या प्लग काढला, निंगाला का नाई ते पुन्हा पाहलं, मामाजीनं झाकण काढलं. दिमक नाई, एक मेलेलं झुरळ निंगालं. मामाजी तरी खुश. आत दोन हिरव्या पट्ट्या उभ्या होत्या. ह्यायनं मले मांगं दाखवलं होतं, ही रॅम, फोटो उघडला का इथी येऊन बसते, एक पट्टी जुनी, एक मांगून टाकलेली. म्या तसंच मामाजीले सांगतलं. त्यायनं दोन्हीबी उपटल्या.

"कर चालू."

चालू केला त डब्बा टूं टूं बोंबलाले लागला, पोट्टीनं त्याच्याहून मोठं भोकाड पसरलं, म्या धावत जाऊन प्लग उपटला. मामाजी शांत. "आवाज चोखा आहे. काय गेलं ते त्याले समजून राह्यलं."

मंग मांगून टाकलेली पट्टी एकटीच लावली. मामी कपाळापर्यंत आली, निळं. ती काढून जुनी एकटी लावली. कपाळ उतरलं, डोळे उतरले, बिनदाताचं हासू उतरलं, मांडीवरची पोट्टी उतरली. मी रडालेच लागली. तर मामाजी म्हणतेत, "बंद कर. ते पहिली पुन्हा लाव."

"झालं न आता मामाजी, कायले?"

"एका ठोक्यानं सांगाले मी का जोतिषी आहो?"

पुन्हा लावली, पुन्हा निळं. तवा कुठी मामाजीनं ह्यायच्या टेबलावरची लाल पेन्सिल उचलली अन् त्या पट्टीवरच्या कागदावर फुली मारली, डेपोत बाद लठ्ठ्यावर मारत तशी. मंग चांगली पट्टी लावून फोटोसमोर बसले ते लय वेळ बसले. "पोट्टी किती हासून राह्यली," म्हणाले. फोटोत पोट्टी झोपून आहे.

ह्यायनं मंग सारं बेस केलं. नवी पट्टी आणली, फोटो सीडीवर उतरवला, चंद्रपूरहून मोठा करून, काचेत बसवून मामाजीच्या घरी टांगला. साऱ्यायले आनंद झाला, अन् मामाजीचं येणं बंद झालं. फोटो घरीच, कॉम्प्युटर चांगला, कोण्या निमित्तानं येतीन? बाजारात भेटले का विचारत, "बंद पडते का?" मी म्हणो, "नाई." "बरं," म्हणत अन् निंगून जात. एक दिवस फणसाच्या ढिगासमोरून गेले, एकबी ठोकला नाई.

मंग एका दुपारी, डब्ब्याच्या आत हात घालाले भेणारी मी, म्या पोट्टीले झोपवलं, प्लग काढला, झाकण काढलं, नवी पट्टी काढली अन् लाल फुलीवाली तिथी बसवली. निळं झालं तवा मामाजीच्या दारात गेली. "मामाजी, या बरं, बंद पडला."

चप्पल उलटी घालून आले. पडदा ठोकला, डब्बा ठोकला, वास घेतला. पट्टी उपटली, अन् आपलीच फुली पाहली. मले वाटलं, आता संपलं. त्यायनं पट्टीकडे पाहलं, मंग माझ्याकडे. मी झोपलेल्या पोट्टीचं नाक पुसाले लागली.

"हाबी पोकळ निंगाला," मामाजी म्हणाले. "एकाच जंगलातला माल दिसते. मले अधूनमधून येऊन पाहाव लागन."

"चहा ठेवू?"

"ठेव. अन् तोवर पोट्टीचा फोटो लाव."

हे आताबी डोस्कं खाजवतेत, नवी पट्टी टाकली तरी हा बंद काऊन पडते म्हणून. आता नवा कॉम्प्युटरच घेऊ म्हणतेत. फुलीवाली पट्टी एरवी तुरीच्या डाळीच्या डब्ब्यात राहते, मामाजीले बोलवाचं असलं का बाहेर निंगते, मी खरं सांगत नाई अन् मामाजी सांगू देत नाईत. तुमीच सांगा बाई, माझ्या जागी तुमी असत्या त तुमी काय केलं असतं?