अलगदराव आणि बर्फाची बादली

कारखान्यात त्यांना सगळे अलगदराव म्हणत. नात्याने ते माझे साडू. गोदामाच्या छतालगत फिरणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. पोलादी पत्र्याचे अवजड गुंडाळे ते असे उतरवत की खाली उभ्या माणसाला साखळी सैल पडल्यावरच कळे, माल टेकला म्हणून. घरी मात्र त्यांच्या हातून कप निसटायचे.

"सगळा अलगदपणा कारखान्यातच खर्च करून येता वाटतं," मेहुणी म्हणायची.

निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्या केबिनमध्ये बसायला मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आड येत होती ती वार्षिक तपासणी. रक्तदाब ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तर आठवड्याने पुन्हा बोलावत. तेव्हाही वरच निघाला तर क्रेन कायमची सुटली आणि माणूस फाटकावर राखणीला बसला.

अलगदरावांचा दाब घरी नीट असे. त्यांची मुलगी नर्स. जेवणानंतर ती मोजायची तेव्हा काटा शहाण्या मुलासारखा जागेवर. कारखान्याच्या दवाखान्यात दंडाला पट्टा गुंडाळला की मात्र तो चढायचा. त्या वर्षी पहिल्या मोजणीत तो मर्यादा ओलांडून गेला.

"तुम्हाला आजार नाही, धास्ती आहे," डॉक्टर म्हणाले. माणूस भला होता, समजावून सांगू लागला. "मूत्रपिंडांच्या डोक्यावर छोट्या ग्रंथी असतात. माणूस घाबरला की त्या रक्तात संप्रेरकं सोडतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात आणि त्यांच्यावर ही संप्रेरकं बसायच्या जागा असतात. कुलपात किल्ली बसावी तशी ती तिथे बसतात. मग स्नायू आवळतात, नळी अरुंद होते. रक्त तेवढंच, वाट कमी. दाब वाढणारच."

"मग तसं लिहा ना, साहेब."

"लिहायला जागा फक्त आकड्यापुरती आहे."

दुसऱ्या मोजणीला क्रेनवाल्यांची जुनी रीत पाळायचं ठरलं. कारखान्यातली हवेची टाकी उन्हात तापली की तिच्या दाबाचा काटा चढतो आणि वरून गार पाणी सोडलं की उतरतो, हे प्रत्येकाने पाहिलेलं. त्यामुळे दवाखान्यात जाण्याआधी मागच्या नळाशी बर्फाची बादली ठेवायची आणि आत हात बुडवून बसायचं. टाकीला लागू ते माणसाला लागू.

बर्फ आणला हूकवाल्याने. हा त्यांचा खालचा जोडीदार, मालाला साखळ्या लावणारा. जीव लावणारा माणूस.

"कोपरापर्यंत बुडवा, अलगदराव. वहिनींना भिता तसं पाण्याला भिऊ नका."

"तिच्यापेक्षा गार आहे रे हे."

बोटं पांढरी पडेपर्यंत त्यांनी हात बाहेर काढले नाहीत. तसेच आत गेले. आकडा पहिल्यापेक्षाही वर निघाला.

डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं. "हात एवढे गार कसे?"

अलगदरावांनी मनगट सोडवून घेतलं. बादलीचं नाव काढलं तर जोडीदार अडचणीत येईल, सगळ्यांचीच रीत बंद होईल, असं त्यांना वाटलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मग आकडा लिहिला.

संध्याकाळी मुलीने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी बर्फाचं सांगितलं.

"बाबा, डॉक्टरांनी सांगितलेली ती किल्ली गारठ्यानेही फिरते. नळ्या आवळतात. भीतीने वाढलेल्या दाबावर तुम्ही बर्फाची भर घातलीत. त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं असतंत, तर अर्धा तास बसवून पुन्हा मोजलं असतं."

"पुरे कर गं आता," मेहुणी म्हणाली. "जेवू दे त्यांना."

अलगदरावांचा हुद्दा बदलल्याचा कागद आमच्या पगार विभागातून गेला. केबिन हूकवाल्याला मिळाली. त्याने ती मागितली नव्हती, पण नाकारलीही नाही.

पुढच्या वर्षी तपासणीच्या दिवशी अलगदराव फाटकावरून मुद्दाम नळापाशी गेले. बादलीभोवती चौघे बसले होते. त्यांनी मुलीचं सगळं बोलणं जमेल तसं सांगितलं.

हूकवाल्याने हात पाण्यातून काढले नाहीत. "अलगदराव, आम्ही दरसाल बुडवतो आणि पास होतो. तुम्ही एकदा बुडवलेत आणि नापास झालात. ऐकायचं कोणाचं?"

"तुमचा दाब मुळातच कमी आहे रे. बुडवून काय, न बुडवून काय, पासच व्हाल."

"बघा, स्वतःच म्हणतायत पास व्हाल म्हणून," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

ते फाटकावर परतले. तिथून गोदाम दिसत नाही, ऐकू मात्र येतं. हूकवाला माल आदळतो. धाडकन आवाज झाला की अलगदरावांच्या मुठी आवळतात आणि दुसरा आवाज येईपर्यंत सुटत नाहीत.

हल्ली घरी, जेवणानंतर मोजलेला दाबही वरच निघतो. गोळी सुरू आहे. तपासणीला त्यांना कोणी बोलावत नाही. फाटकावर बसायला कितीही दाब चालतो.