दुसरी चावी

माझी मोटरसायकल सेकंडहँड होती आणि तिला एकच चावी होती. भांडगावच्या आप्पांकडून ती घेतली तेव्हाच मी दुसरीचं विचारलं होतं. "हारावली," आप्पा म्हणाले. त्यांची बायको चहाचे कप उचलत होती, तिनं तोंड फिरवलं. ते मला दिसलं, पण गाडी कमी फिरलेली होती, रंग जागेवर होता, म्हणून मी विषय वाढवला नाही.

तेव्हा मी सणसवाडीत एका कंपनीत क्वालिटीला होतो. गाव मांडवगण फराटा. सुट्टीच्या आदल्या दिवशी गावी जायचं, सुट्टी संपली की परत. खोलीत पार्टनर बिहारचा, वेल्डर होता. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. कमी बोलायचा, स्वतःचं ताट-पेला वेगळा ठेवायचा. आमचं भांडण कधी झालं नव्हतं, आणि मैत्रीही नव्हती.

एका रविवारी काम होतं म्हणून गावी गेलो नाही. दुपारी परत आलो, कपडे धुतले, वाळत घातले, आंघोळ केली. बाहेर पडायला म्हणून दाराजवळच्या खिळ्याकडे हात नेला तर चावी नाही. खिसे पाहिले, गादी उलटी केली, मोरीची जाळी काढून हात घातला, ओले कपडे एकेक करून परत झटकले. पार्टनर कॉटवर पडून मोबाइल पाहत होता. "क्या ढूँढ रहे हो?" म्हणाला. सांगितल्यावर तोही उठला, कॉट सरकवली, खाली वाकून पाहिलं. मला मात्र वाटत राहिलं की हा जरा जास्तच मन लावून शोधतोय.

दुसऱ्या दिवशी शिरूरहून चावीवाल्याला बोलावलं. त्यानं लॉकमध्ये पातं घालून, घासून, परत घालून तासाभरात चावी बनवली. लॉक उघडलं. स्टार्टर फिरला, पण इंजिन काही सुरू होईना. मीटरवर चावीच्या चित्राचा लाल दिवा नुसता उघडझाप करत राहिला.

"चिपची गाडी हाय ही," तो अवजारं गोळा करत म्हणाला. "मूळ चावीच्या मुठीत चिप आसती. ती गावल्याशिवाय इंजिन चालू व्हायचं न्हाई. आपलं काम लॉकापुरतं."

रजा काढून पुण्याला सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या माणसानं गाडीची कागदं पाहिली आणि मग मला पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"आरसी दुसऱ्याच्या नावावर आहे. चावी एकही नाही. गाडी तुमचीच कशावरून?"

नावावर करून घ्यायचं मी आज-उद्या करत राहिलो होतो. तसं सांगितलं. शेजारच्या टेबलावरची बाईही वळून पाहू लागली. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. शेवटी तो म्हणाला, "मूळ मालकाला घेऊन या. नाहीतर दुसरी चावी आणा, तिच्यावरून नवी करता येते. दोन्ही नसतील तर लॉकसेट आणि कंट्रोल युनिट सगळंच बदलावं लागेल. आणि नव्या गाडीला चाव्या दोन मिळतातच. एक कुणाकडं तरी असणार."

एक कुणाकडं तरी असणार. हे वाक्य घेऊन मी सणसवाडीला आलो आणि पहिलं काम केलं ते साखळी आणून गाडीचं चाक विजेच्या खांबाला बांधायचं. दुसरं काम सांगायला जड जातं. पार्टनर ड्यूटीवर होता. मी त्याची बॅग उघडली. घडी घातलेले कपडे, सुतळीत बांधलेले कागद, एका मुलीचा शाळेच्या ड्रेसमधला फोटो. तळाशी हात घालून चाचपत होतो तेव्हा दार उघडलं. पार्टनर होता. त्याच्या कंपनीत लाइट गेली होती म्हणून लवकर सोडलं होतं.

तो दारातच थांबला. मग म्हणाला, "पूछ लेते. मैं खुद खाली करके दिखा देता."

त्यानं बॅग घेतली, कॉटवर पालथी केली आणि एकेक वस्तू बाजूला ठेवून दाखवली. सगळं परत भरलं. त्यानंतर त्या बॅगेला कुलूप लागलं, आणि माझं पाकीट उशीखाली गेलं. एका खोलीत आम्ही दोघं एकमेकांवर नजर ठेवून राहू लागलो.

त्यातच घरमालकीणबाईंनी आणखी भर घातली. नळावर पाणी भरताना म्हणाल्या, "भाऊ, चावी जायच्या चार दिस आधी एक पोरगा आला हुता तुमच्या गाडीपशी. लई येळ बघत हुता. सीटवर हात फिरवला. मला म्हणला, ही गाडी कुणाची? मी तुमचं नाव सांगितलं तर काय बोलला न्हाई, गेला निघून."

आता सगळं जुळलं असं मला वाटलं. दुसरी चावी आप्पांनी मुद्दाम ठेवली, माणूस पाठवून माझी चावी उचलली, आणि कागदावर नाव अजून त्यांचंच. उद्या गाडी नेली तर मी कुणाला काय दाखवणार? रविवारी एसटीनं चौफुल्याला उतरलो, तिथून जीपनं भांडगावला गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते मनात जुळवत होतो.

आप्पा अंगणात शेवंतीची फुलं निवडत बसले होते. मी नमस्कारही नीट केला नाही. "दुसरी चावी द्या," म्हटलं, "आणि माझ्या गाडीकडं माणूस कशाला पाठवला ते सांगा."

"कोण माणूस?" आप्पा म्हणाले. "डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

मी घरमालकीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. आवाज चढला होता. तेवढ्यात मावशी, आप्पांची बायको, आतून आली. "कसा हुता पोरगा?" तिनं विचारलं.

"मी पाहिला नाही. बारीक होता म्हणे."

"डाव्या भुवईत खाच हुती का?"

ते मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "फोन लावा त्या बाईला. आत्ता लावा."

मी लावला, स्पीकर चालू केला. घरमालकीणबाई म्हणाल्या, "व्हय की. भुवई मधनं कापल्यागत. मी म्हणलं आजकालची फॅशन आसंल."

मावशी होती तिथंच जमिनीवर बसली. आप्पांच्या हातातलं फूल तसंच राहिलं.

मग कळलं ते असं. गाडी त्यांच्या मुलाची होती, कागदावर तेवढं आप्पांचं नाव. शेती करायची नाही, कंपनीत जायचं, यावरून बापलेकांचं वाजलं आणि आप्पांनी चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली. सव्वीस वर्षांचा मुलगा. गाडी दारात सोडून तो चालत गेला तो गेलाच. दीड वर्ष झालं, फोन नंबरही बदललेला. वर्षभर वाट पाहून आप्पांनी रागानं गाडी विकली.

मावशी उठून आत गेली, शिलाई मशीनचा खण ओढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं चावी माझ्यासमोर धरली.

आप्पा तिच्याकडं बघतच राहिले. "हारावली म्हणलीस मला!"

"म्हणले. तुमी गाडी इकली, म्या चावी ठिवली. त्यो आला तर त्येला काय दावायचं?" आणि मग माझ्याकडं वळून, "न्या. नवी करून घ्या. पर ही माघारी आणून द्या."

मी कबूल केलं. सणसवाडीला परतल्यावर त्या चावीनं गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

पुढच्या रविवारी दोघं सणसवाडीला आले. मी त्यांना घेऊन गल्ल्या, टपऱ्या, कंपन्यांची गेटं फिरलो. मोबाइलमधला फोटो पाहून एका चहावाल्यानं ओळखलं. मुलगा आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहत होता, पॅकिंगला होता. तो खोलीच्या दाराशी आला, आईला पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबला. तिनं त्याचं मनगट धरलं ते तासभर सोडलं नाही. आप्पा भिंतीकडं तोंड करून उभे होते.

गाडी त्यानं नंबरावरून ओळखली होती. "मला वाटलं आप्पा शोधायला आले," तो मला म्हणाला. "म्हणून थांबलो. काकूंनी तुमचं नाव सांगितलं तवा कळलं, इकली."

मी त्याला सरळच विचारलं, "माझी चावी तू घेतलीस का?"

"घेतली आसती तर गाडीच नेली आसती की," तो म्हणाला. पुढं गावच्या जत्रेला तो घरी गेला, आणि परत कामावर आला. आईला रोज फोन करतो असं ऐकलं.

माझी हरवलेली चावी कधीच सापडली नाही. पार्टनरनं महिनाअखेरीस खोली सोडली. जाताना त्यानं हात मिळवला, पण पत्ता दिला नाही आणि मीही मागितला नाही.

गाडी नावावर झाल्यावर मी पुण्याला जाऊन दोन नव्या चाव्या करून घेतल्या. मेकॅनिकनं लॅपटॉप जोडला आणि विचारलं, "जुनी चावी सिस्टीममध्ये ठेवायची का काढायची?"

मुलाचं बोलणं मला पटलं होतं. मावशीच्या हातातलं ते मनगटही मी पाहिलं होतं. तरी मी म्हणालो, "काढा."

मग चावी परत द्यायला भांडगावला गेलो. मावशीनं ती पदरानं पुसली. "ह्यो माणूस आणून द्यायचा न्हाई, आसं हे म्हणत हुते," ती आप्पांकडं बोट करून हसली. "मी म्हणले, दील." तिनं मला जेवूनच जायला लावलं. त्या चावीनं लॉक उघडेल, पण इंजिन सुरू होणार नाही, हे मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.