गाऱ्हाण्यात घातलेला विमा

माझा मुलगा तान्हा होता तेव्हा त्याच्या चिमूटभर कातडीवरून आमच्या घरात जे रण पेटलं, त्याचा आवाज विजयदुर्गच्या तटावर आपटून परत मालवणात ऐकू येत होता. निदान माझ्या तरी कानांत.

रण पेटवलं माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाने. तो अमेरिकेत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि आपल्या वर्षाच्या मुलाला घेऊन रजेवर आला होता. त्या मुलाला आंघोळ घालताना माझ्या आईच्या हातातला तांब्या निसटला.

"अगो बाय! ह्येची फुडची कातडी खंय गेली?"

"तिकडे जन्मल्या जन्मल्या काढतात," मेहुणा म्हणाला. "सुंता. धर्माचा संबंध नाही, मेडिकल आहे. विमा कंपनीने सगळा खर्च दिला. गरज असल्याशिवाय कंपनी कशाला देईल? भाऊजी, तुमच्याही बाळाचं उरकून घ्या."

माझ्या बायकोच्या लेखी देवानंतर दादा, आणि दादा अमेरिकेहून आला असला तर देव दोन पायऱ्या खाली. तिने ताबडतोब कुडाळच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आई मात्र ओला तांब्या हातात घेऊन मेहुण्यासमोर उभी राहिली.

"पावण्यानू, आमच्या होडयेचो विमो आसा. बुडली तर कंपनी पैशे देता. म्हणान काय होडी बुडवची?"

"आई, ते वेगळं."

"बरा. नारळी पुनवेक आमी दर्याक नारळ दितंव, त्येचे पैशे खंयची कंपनी देता? मगे तो देवचो नाय?"

यावर मेहुण्याने चहा मागितला.

मी आईच्या बाजूने होतो, पण बायकोसमोर माझं धैर्य सुकटीएवढं. म्हणून मी एक डाव टाकला. म्हटलं, कुडाळला जाण्याआधी देवळात गाऱ्हाणं घालू. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे आपली अडचण गावकराच्या, म्हणजे गावच्या मानकऱ्याच्या तोंडून, चारचौघांत, खणखणीत आवाजात मांडायची. वाटलं, एवढ्या लोकांत हा विषय निघणार म्हटल्यावर मेहुणा लाजेने अमेरिकेपर्यंत पोहत जाईल. पण तो धुतलेला सदरा घालून सर्वांच्या पुढे उभा!

गावकराने जमिनींची भांडणं, पळालेल्या सुना, चोरीला गेलेले बैल, सगळं अडखळल्याशिवाय देवाच्या कानी घातलेलं. त्याने सुरुवात झोकात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्याकडे गाऱ्हाणा घातल्यान आसा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले लोक ओरडले.

"ह्येच्या बारक्या झिलाच्या... बारक्या..." गावकराने माझ्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, घाम पुसला. "...वस्तूचो प्रश्न आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या कापाकापीची गरज अमेरिकेतल्या विम्याच्या कंपनीन ठरवल्यान आसा!"

"व्हय म्हाराजा!" हा गजर इतका मोठा झाला की वडावरची वटवाघळं उडाली ती थेट कट्टा गावच्या बाजारात उतरली.

मेहुण्याने माझ्या बरगडीत कोपर खुपसलं. "बघा! सगळा गाव माझ्या बाजूने."

"पावण्यानू, हे लोक प्रत्येक वाक्याला हेच म्हणतात. उद्या तुमचं नाक कापायचं गाऱ्हाणं घातलं तरी हेच म्हणतील."

शेवटी गावकराने हात झटकले. "तर म्हाराजा, ह्येच्यात काय बरा-वायट आसात ता डॉक्टराच्या तोंडातसून बाहेर काड, आणि लेकराक सुखरूप ठेव, मगे हो तुका नारळ देतलो!"

म्हणजे देवानेही केस कुडाळला पाठवली.

डॉक्टरांनी तपासायला घेतलं, तोच चिरंजीवांनी त्यांच्या चष्म्यावर नेम धरून कारंजं सोडलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "धार तर उत्तम आहे. लघवी करताना रडतो? ताप येतो?"

"नाही," बायको म्हणाली.

"मग गरज नाही. या वयात कातडी चिकटलेलीच असते, वाढत्या वयात आपोआप सुटते. ओढू नका. कधी आजार झालाच तर तेव्हा बघू."

"पण डॉक्टर, अमेरिकेत विमा कंपनी पैसे देते!" मेहुणा म्हणाला.

"थोडे फायदे आहेत, म्हणून तिकडे निर्णय आईवडिलांवर सोडतात. पण पैसे कोण देतं, हे मला बाळाला तपासून कळत नाही."

बायकोने होकारही दिला नाही, नकारही दिला नाही. "थोडं थांबू," म्हणाली. हे थांबणं काही वर्षं चाललं. दर फोनला मेहुणा विचारायचा, "केलं का?" आणि बायको रात्रभर कूस बदलत राहायची. पोरगा शिंकला तरी तिला तेच कारण वाटे.

मग मेहुणा पुन्हा रजेवर आला. यावेळी दोन मुलगे. आईने धाकट्याला आंघोळीला घेतलं आणि तांब्या पुन्हा पडला.

"पावण्यानू! ह्येची आसा!"

मेहुणा पेपरात तोंड घालून पुटपुटला, "मी नोकरी बदलली. नवीन कंपनीचा विमा त्याचे पैसे देत नाही."

"अरे देवा! मगे जुनी नोकरी सोडताना थोरल्याची परत मागून घेवची नाय?"

दारात टॉवेल घेऊन उभी असलेली माझी बायको आधी दादाकडे बघत राहिली, मग त्या दोन भावांकडे. आणि अशी हसली, अशी हसली की टॉवेलात तोंड लपवून खालीच बसली. इतक्या वर्षांचं ओझं तिच्या डोळ्यांतून वाहून गेलं.

मी हळूच खोड काढली, "मग कुडाळक कधी जावचा?"

"कुडाळक कित्याक?" तिने डोळे पुसले. "एक नारळ आणा. गाऱ्हाण्याचो नारळ देवाक देवचो रवलो आसा."

दिला. त्याचे पैसे मात्र आजतागायत कोणत्याही कंपनीने दिलेले नाहीत.